पिंजऱ्याजवळ उभा राहणारा माणूस

पोस्ट मोठी आहे. रविवार आहे, चहा घेऊन सावकाश वाचा.

मे महिन्यात भाचीला घेऊन एका प्राणिसंग्रहालयात गेलो होतो. नाव मुद्दाम सांगत नाही, कारण हे चित्र कुठल्याही शहरात, कुठल्याही सुट्टीच्या दिवशी दिसतं. पाणघोड्याच्या तळ्याभोवती ही गर्दी. त्याने जबडा उघडला की लोक टाळ्या पिटत होते. दहा-बारा वर्षांच्या एका मुलाने वेफर्सचं अर्धं भरलेलं पाकीट हातात घेऊन नेम धरला. वडील मोबाइलवर शूटिंग करत होते. "टाक लवकर, तोंड मिटेल आता." लांबून सुरक्षारक्षकाने शिट्टी फुंकली. कुणी मान वळवूनही पाहिलं नाही. 'खाद्यपदार्थ टाकू नयेत, दंड होईल' ही पाटी समोरच होती. त्या पाटीला टेकून एक जण भेळ खात होता.

तेवढ्यात एक बाई पुढे आल्या. साठीच्या पुढच्या असतील. सुती साडी, पायात बूट, गळ्यात ओळखपत्र. त्या ओरडल्या नाहीत. मुलाच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "त्याच्या पाठीकडे बघ. लालसर दिसतंय ना? काय असेल ते?" मुलगा म्हणाला, "रक्त?" "सगळ्यांना तसंच वाटतं. पण ते रक्त नाही. त्याला आपल्यासारखा घाम येत नाही. कातडीतून तसला लाल द्रव पाझरतो आणि उन्हापासून त्याचं रक्षण करतो." मुलाचा हात आपोआप खाली आला. मग तो काय खातो, दिवसभर पाण्यात का बसतो, पोटात प्लास्टिक गेलं तर काय होतं, अशी गाडी पुढे गेली. पाच मिनिटांत पंधरा-वीस माणसं गोळा झाली होती. वडिलांनी मोबाइल खिशात टाकला आणि वेफर्सचं पाकीट मुलाच्या दप्तरात गेलं.

मी नंतर त्यांना गाठून विचारलं, "काकू, तुम्ही इथे नोकरीला आहात का?" त्या हसल्या. "नाही रे, स्वयंसेवक आहे. रविवारी येते. घरी बसून काय करू?"

शिट्टीने, पाटीने आणि दंडाच्या धाकाने जे झालं नाही ते एका प्रश्नाने झालं. तेव्हापासून डोक्यात एकच विषय आहे. ही पगार न घेता पिंजऱ्याजवळ उभी राहणारी माणसं आली कुठून? थोडं वाचलं, जुन्या गोष्टी ताडून पाहिल्या. ते सगळं इथे मांडतोय.

सुरुवात आपल्या राणीच्या बागेपासून करू. आज ती आपल्याला 'महापालिकेची बाग' वाटते, पण ती सुरू महापालिकेने केली नाही. पश्चिम भारताची कृषी आणि उद्यानविद्या संस्था, म्हणजे हौशी आणि जाणत्या माणसांची एक मंडळी, तिची आधी शिवडीला बाग होती. ती शिवडीची जागा पुढे ख्रिस्ती दफनभूमीसाठी गेली. भायखळ्याला नवी बाग उभी राहिली आणि १९ नोव्हेंबर १८६२ रोजी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते ती खुली झाली. नाव अर्थातच व्हिक्टोरिया गार्डन्स. शेजारच्या वस्तुसंग्रहालयासाठी नाना शंकरशेठ, डॉ. भाऊ दाजी लाड आणि जॉर्ज बर्डवुड यांच्यासारखी माणसं राबली, वर्गण्या गोळा केल्या. ते १८७२ मध्ये उघडलं. आज ते डॉ. भाऊ दाजींच्याच नावाने ओळखलं जातं.

या मंडळींच्या डोक्यात नुसतं 'फिरायला जागा' एवढंच नव्हतं. शहराच्या सामान्य माणसाला झाडं, वनस्पती, कारागिरी दाखवायची आणि त्यातून शिकवायचं, हा हेतू होता. पुढे संस्थेकडचा पैसा आटला आणि १८७३ मध्ये बाग नगरपालिकेकडे गेली. बाग वाढली, प्राणी आले, गर्दी आली. १९६९ मध्ये वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान हे नाव मिळालं. मात्र नागरिकांनी हौसेने चालवायची बाग, ही मूळ कल्पना मधल्या काळात पुसट झाली. आपण तिकीट काढणारे आणि पालिका दाखवणारी, एवढंच नातं उरलं.

प्राणिसंग्रहालयांचा जगाचा इतिहास पाहिला तर तो बहुतेक पिंजऱ्यांचा इतिहास आहे. लंडनचं प्राणिसंग्रहालय १८२८ मध्ये सुरू झालं ते सभासदांसाठी, अभ्यासासाठी. सर्वसामान्यांना ते १८४७ मध्ये खुलं झालं. तेव्हा लोखंडी गज होते. १९०७ मध्ये जर्मनीत हॅम्बुर्गजवळ कार्ल हागेनबेक यांनी गज काढून खंदकांची रचना केली. प्राणी मोकळ्यावर असल्यासारखे दिसू लागले. मग काचा आल्या. आता काचेच्या भिंतीला नाक लावून आपण वाघ बघतो. म्हणजे दीड-दोनशे वर्षांत प्राणी कुठे ठेवायचा यावर भरपूर विचार झाला. पण काचेच्या अलीकडे जो उभा आहे त्याचं काय? तो तसाच राहिला.

त्याची किंमत काय असते हेही आपल्या देशाने पाहिलंय. १ जानेवारी १९९६ ला कोलकात्याच्या अलिपूर प्राणिसंग्रहालयात दोन माणसं वाघाच्या आवारात उतरली. कशासाठी? वाघाला हार घालायला! त्यातल्या एकाचा जीव गेला. सप्टेंबर २०१४ मध्ये दिल्लीत एक तरुण पांढऱ्या वाघाच्या खंदकात पडला. वरून लोकांनी आरडाओरडा केला, दगड मारले. त्या तरुणाला वाचवता आलं नाही. दोन्ही वेळा भिंत होती, पाटी होती, नियम होते.

कायदाही आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ मध्ये ३८-जे हे कलम आलं. प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्याला डिवचणं, इजा करणं, खायला घालणं, आवाज करून त्रास देणं, आवारात कचरा टाकणं, हे सगळं गुन्हा ठरलं. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा तेव्हा ठरली. १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झालं आणि निकष न पाळणाऱ्या अनेक छोट्या-मोठ्या प्राणिसंग्रहालयांना त्याने मान्यता नाकारली. हे सगळं गरजेचंच होतं. पण सांगा, पाणघोड्याच्या तोंडात वेफर्स टाकल्याबद्दल तुरुंगात गेलेला माणूस तुमच्या माहितीत आहे का? माझ्या तरी नाही. सुट्टीच्या दिवशी राणीच्या बागेत तीस हजारांच्या वर लोक येऊन गेल्याच्या बातम्या आपण वाचल्यात. तीस हजार माणसांवर शिट्टी किती पुरणार?

म्हणजे माणसाला सांगायला माणूसच हवा. हे कुठे कुठे लोकांना उमजलं, त्याची दोन उदाहरणं देतो. एक लांबचं आणि एक जवळचं.

लांबचं आहे अमेरिकेतल्या वॉशिंग्टनचं. १९५८ मध्ये तिथल्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयात एक चिमुकली मुलगी कठड्याखालून पुढे गेली आणि सिंहाच्या तावडीत सापडून दगावली. शहर हादरलं. प्राणिसंग्रहालयाची अवस्था वाईट होती, पैसे नव्हते. अशा वेळी काय होतं ते आपल्याला माहीत आहे. चौकशी, निलंबन, दोन दिवस बातम्या. तिथे आणखी एक गोष्ट झाली. आसपासचे रहिवासी एकत्र आले आणि त्याच वर्षी 'फ्रेंड्स ऑफ द नॅशनल झू' ही संस्था उभी राहिली. त्यांनी सुधारणांचा आग्रह धरला आणि पुढे स्वयंसेवकांची फळीच तयार केली. १९७२ मध्ये चीनकडून लिंग-लिंग आणि शिंग-शिंग हे दोन पांडा आले आणि लोकांची रीघ लागली. ती गर्दी सांभाळायला, तिला माहिती सांगायला हेच लोक होते. पांडांच्या विणीच्या काळात रात्र रात्र बसून, वही-पेन्सिल घेऊन नोंदी करायलाही हेच. त्या जोडीला पाच पिल्लं झाली, एकही जगलं नाही. पण त्या नोंदी वाया गेल्या नाहीत. पांडाबद्दल जगाला फार थोडं माहीत होतं, त्यात त्यांनी भर घातली.

गोष्टीचा शेवट मात्र गोड नाही. करोनाच्या काळात उत्पन्न बुडालं आणि २०२१ मध्ये मूळ संस्थेने या मित्रमंडळाशी असलेलं साठ वर्षांहून जुनं नातं संपवलं. स्वयंसेवकांचं काम उरलं, पण त्यांची स्वतःची संस्था गेली. हे लक्षात ठेवा, शेवटी यावर परत येणार आहे.

आता जवळचं उदाहरण, म्हैसूरचं. तिथलं प्राणिसंग्रहालय १८९२ चं, महाराजा चामराजेंद्र वडियार यांच्या काळातलं, राजवाड्याचं. १९७० च्या दशकात सॅली वॉकर नावाची एक अमेरिकन बाई तिथे योग शिकायला आली. पट्टाभी जोइस यांच्याकडे शिकायला परदेशी लोक येत असत, तशीच ही. एकदा प्राणिसंग्रहालयात गेली, वाघाचे बछडे पाहिले आणि तिथेच अडकली. योगासाठी आलेली बाई प्राण्यांसाठी राहिली.

तिने काय केलं हे महत्त्वाचं आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिने 'फ्रेंड्स ऑफ म्हैसूर झू' हा गट जमवला. गावातलीच माणसं घेऊन. येणाऱ्याशी बोला, त्याला सांगा, मुलांना गोळा करा. १९८५ मध्ये त्यातून 'झू आउटरीच ऑर्गनायझेशन' ही संस्था निघाली, जी पुढे कोइमतूरला गेली. 'झूज प्रिंट' हे मासिक निघालं. भारतातल्या दूरदूरच्या प्राणिसंग्रहालयांत काम करणाऱ्या लोकांना एकमेकांची खबर त्यातून मिळू लागली.

मला सगळ्यात आवडली ती त्यांची साधनं. जड पुस्तकं नाहीत. प्राण्यांचे मुखवटे, हातात धरायचे छोटे फलक आणि चक्क राखी! मुलांनी मनगटावर राखी बांधायची आणि त्या प्राण्याला त्रास न देण्याचा शब्द द्यायचा. परदेशातून आलेल्या बाईला आपल्या राखीची ताकद कळली. दंडाची पावती खिशात चुरगळली जाते, पण बांधलेली राखी मुलगा चार दिवस मिरवतो आणि घरी आल्यावर आजीला सांगतो की ही कुणाची आहे. सॅली वॉकर २०१९ मध्ये गेल्या. आपल्याकडे त्यांचं नाव किती जणांना माहीत आहे?

तुम्ही म्हणाल, हे झालं अमेरिका आणि म्हैसूरचं, मराठी माणसाचं काय? आपल्याकडे तर यासाठी शब्दच तयार आहे, 'सर्पमित्र'. साप दिसला की काठी शोधायची, हीच पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. ती मोडायला काय लागलं? १९८० मध्ये पुण्यात नीलिमकुमार खैरे ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास एका काचेच्या खोलीत राहिले. डिवचल्याशिवाय साप चावत नाही, हे लोकांना डोळ्यांनी दिसावं म्हणून. १९८६ मध्ये कात्रजला सर्पोद्यान सुरू झालं. नागपंचमीला दूध पाजू नका, साप दूध पीत नाही, हे सांगत किती तरी तरुण शाळाशाळांतून फिरले. आज गावोगाव सर्पमित्र आहेत. त्यातले काही फोटोसाठी नागाशी खेळतात, त्यात जीवही गमावतात, हे खरं आहे आणि त्यावर वेगळं लिहायला हवं. पण लोकांचं सापाकडे बघणं बदललं ते कायद्याइतकंच या माणसांच्या तोंडी सांगण्याने, हे नाकारता येणार नाही.

आणि राणीची बाग? २००७ च्या सुमारास बागेचा कायापालट करायची चारशे कोटींच्या वरची योजना आली. सगळं 'आंतरराष्ट्रीय दर्जाचं' होणार होतं. प्रश्न असा होता की दीडशे वर्षांच्या झाडांचं काय? शहरातल्या काही निसर्गप्रेमी महिलांनी पुढाकार घेतला आणि 'राणीबाग वाचवा' मोहीम उभी राहिली. त्या नुसत्या निवेदनं देत बसल्या नाहीत. एक-एक झाड मोजलं. तीन हजारांहून जास्त झाडं. आफ्रिकेतली गोरखचिंच, ब्रह्मदेशातली उर्वशी, फुलं खोडावर येणारा कैलासपती. वारसा समितीपर्यंत विषय गेला आणि ती योजना जशीच्या तशी पुढे जाऊ शकली नाही.

पण लढ्यापेक्षा मला त्यांचं दुसरं काम मोठं वाटतं. त्या लोकांना बागेत फिरवून झाडं दाखवू लागल्या. पैसे न घेता. माणूस येतो वाघ-हत्ती बघायला आणि जाताना उर्वशीचं फूल बघून जातो. १८६२ ला ज्या हेतूने बाग उघडली, तो हेतू दीडशे वर्षांनी पुन्हा नागरिकांनीच जिवंत केला. वर्तुळ पूर्ण झालं म्हणा ना.

याउलट पेंग्विनचं आठवा. जुलै २०१६ मध्ये दक्षिण कोरियातल्या सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आले. ऑक्टोबरमध्ये एक दगावला. काय गदारोळ झाला! खर्च किती, कुणाचा हट्ट, कुणाचं राजकारण. २०१७ मध्ये कक्ष खुला झाला आणि त्याच वर्षी पाच रुपयांचं तिकीट पन्नास रुपये झालं. ते प्रश्न विचारायलाच हवे होते, माझं काही म्हणणं नाही. पण मी त्या वेळी वाचलेल्या सगळ्या चर्चेत हा पक्षी कुठला, हे क्वचितच दिसलं. हम्बोल्ट पेंग्विन पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचा. तिथे बर्फ नसतो. समुद्रातली मासळी घटली की त्याची उपासमार होते. काचेपलीकडे बघत "बर्फ कुठाय?" असं विचारणाऱ्या पोराला एवढं सांगणारं कुणी तिथे उभं असेल, तर त्या पन्नास रुपयांचं चीज होतं. नसेल तर तो फक्त वातानुकूलित खोलीतला सेल्फी.

आता स्पष्ट बोलतो. स्वयंसेवक म्हणजे फुकटचे कर्मचारी नव्हेत. रिकाम्या जागा भरायच्या नाहीत आणि 'तुम्ही समाजसेवा करा' म्हणायचं, हे चालणार नाही. प्राण्यांची निगा राखणारा, पशुवैद्य, सुरक्षारक्षक हे पगारीच हवेत आणि पुरेसे हवेत. वॉशिंग्टनचा धडाही तोच आहे. साठ वर्षं काम केलेल्या मंडळालाही एक दिवस नारळ मिळू शकतो. म्हणून जे ठरवायचं ते तोंडी नको, लेखी हवं. कोण नेमणार, प्रशिक्षण कोण देणार, किती तास, अपघात झाला तर जबाबदारी कुणाची.

दुसरं, स्वयंसेवक म्हणजे प्राणिसंग्रहालयाचा जाहिरातदारही नव्हे. अस्वल एकाच रेषेत तासन्‌तास येरझाऱ्या घालत असेल आणि एखाद्या मुलीने "ते असं का करतंय?" विचारलं, तर "त्याला नाचायला आवडतं" हे उत्तर खोटं आहे. कोंडलेल्या प्राण्याची ती घुसमट असते. हे सांगायची मोकळीक त्या माणसाला हवी. नाही तर आपण मुलांना प्राण्यांबद्दल शिकवत नाही, प्राण्यांच्या नावाखाली खोटं बोलायला शिकवतो.

आणि तिसरं, त्याच्या हातात काठी किंवा शिट्टी देऊ नका. त्या दिवसापासून तो सांगणारा राहत नाही, हाकलणारा होतो.

माझी मागणी छोटी आहे. आपल्या महापालिकांच्या प्राणिसंग्रहालयांनी दर सुट्टीला प्रत्येक मोठ्या पिंजऱ्यापाशी एक प्रशिक्षित सांगणारा माणूस उभा राहील अशी सोय करावी. आपल्याकडे निवृत्त शिक्षक आहेत, प्राणिशास्त्र आणि वनस्पतिशास्त्राची मुलं आहेत, एनएसएसचे विद्यार्थी आहेत. नातवंडं परदेशी असल्यामुळे दुसऱ्यांच्या नातवंडांना गोष्टी सांगायला आसुसलेल्या आज्या आहेत. माणसांची वाण नाही. त्यांना आत घेणारं दार हवं. जिथे अशी योजना आधीच आहे तिथे ती वाढवा, आणि जिथे नाही तिथे आपण जाऊन मागू या.

जाता जाता त्या दिवसाचं उरलेलं सांगतो. निघताना पाणघोड्याच्या तळ्यावरून परत आलो. तो मगाचा मुलगा तिथेच होता. शेजारी दुसराच एक छोटा मुलगा हातात पॉपकॉर्न घेऊन उभा. आणि हा त्याला मोठ्या रुबाबात विचारत होता, "ते पाठीवर लाल दिसतंय ना, काय आहे सांग?"

काकू तिथे नव्हत्या. त्या केव्हाच माकडांकडे गेल्या होत्या.

तुमच्या गावात, शहरात असं पिंजऱ्याजवळ, झाडाखाली, तळ्याकाठी उभं राहून सांगणारं कुणी आहे का? कमेंटमध्ये जरूर लिहा. नाव नको असेल तर नाव नका लिहू, त्यांनी तुम्हाला काय सांगितलं तेवढं लिहा.